शुक्रवारच्या टाळ्या

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले आहे.

"तुमची लेक तिथं नक्की काय काम करते?" असं शेजारच्या काकू विचारतात, त्यांना काय सांगू, असं तू विचारलंस. खरं सांगते, मलाही नीट सांगता येत नाही. कपड्यांच्या या कारखान्यात लोकांचं कामात मन लागावं, हे बघणं माझं काम. त्यासाठी साहेबांनी दर शुक्रवारी सगळ्यांचे खेळ घ्यायला सांगितलेत.

मी हौसेनं घेत होते. परवा शिलाईतल्या मावशी म्हणाल्या, "पोरी, टाळ्या वाजवून हात दुखले. आता मशीन तू चालवतेस का?" सगळ्या खदखदून हसल्या, मीही हसले. मग त्या हळूच म्हणाल्या, "सुपरवायझर पुन्हा बाहेरूनच आणणार ना? काम शिकवायचं आम्ही आणि बोलणीही खायची आम्हीच."

ते मनात घर करून बसलं. साहेबांना म्हटलं, या वेळी मावशींनाच सुपरवायझर करू. ते म्हणाले, "आधी तू स्वतः कायम तरी हो!"

हो, मी अजून कायम झालेले नाही. पण तू काळजी करू नकोस. जेवण वेळेवर होतं, खोलीत छान ऊन येतं. बाबांचा गुडघा कसा आहे? धाकटा अभ्यास करतो की नुसताच पुस्तक उशाला घेतो?

आज सकाळी मी शुक्रवारचा खेळ रद्द केला आणि सुपरवायझरच्या जागेसाठी मावशींचं नाव लिहून, माझ्या सहीनिशी, थेट मोठ्या साहेबांच्या हातात देऊन आले.

तुझीच,
थोरली