ज्याचा कागद, त्याचा हात

१२ मार्च, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. इकडे आम्ही ठीक. बाबांचा थाट तर विचारूच नकोस. संग्रहालयाने त्यांच्या पोस्टरांना अख्खं दालन दिलंय. उद्घाटनाला एक चौकट केसभर तिरकी दिसली म्हणून त्यांनी ती भिंतीवरून ओढून आपटली. काच फुटली, लोक कौतुकाने हसले.

तुझी लेक त्यांच्या हाताखाली शिकायचं म्हणतेय, पाठवू का, असं तू विचारलंस. कॉलेजात तिला बाबांवर धडा आहे म्हणे. अक्षरांचा एकच साधा टाईप, दोन रंग, डावीकडून सरळ ओळी, बाकी कागद कोरा, हे सगळं त्यात असेल. स्टीलची पट्टी उभी धरून ते आपल्या पेरांवर मारायचे, ते नसेल. तुझी तुटलेली दोन बोटं तर नसतीलच.

कागद कापायच्या कटरचा नियम तू विसरला नसशील. चुकलेला कागद ज्याचा, त्याने तो पात्याखाली धरायचा, दांडा बाबा ओढणार. तुझ्या वेळी "हात काढायला उशीर केलास, गाढवा" म्हणाले, आणि डॉक्टरला तूही तेच सांगितलंस.

आता ते थकलेत. हात थरथरतात. म्हणून तू निर्धास्त असशील. मीही होते.

मंगळवारी आमच्याकडे कामाला नवीन लागलेल्या मुलीने एका पोस्टरचा मथळा मधोमध घेतला, वर वेलबुट्टी काढली. पोरगी गुणी, पण तोंडाला लगाम नाही. म्हणाली, "छान दिसतंय की. सगळं कोरं कोरं कशाला ठेवायचं?" बाबांनी शाईचा डबा भिरकावला. तिच्या कपाळाला खोक पडली. मग म्हणाले, "कटरवर चल. धर." तिने रडत रडत कागद धरला. बाबांना दांडा रेटेना. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू ओढ."

इथवर लिहून मी उठले, उगाच चहा करून आले. तो तसाच पडलाय.

ती माझ्याकडे बघत होती. ताई थांबवतील असं तिला वाटलं असणार. तिने हात काढला नव्हता आणि ते मला स्पष्ट दिसत होतं. पण डोक्यात सणक गेली, दादा. जन्मभर मार खाऊन सरळ ओळी मांडल्या मी, आणि ही कालची पोर विचारते, कोरं कशाला. मी ओढला. तिच्या तर्जनीचं पेर कागदासकट खाली पडलं. रक्त पार भिंतीपर्यंत उडालं.

बाबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास." उभ्या जन्मात पहिल्यांदा. मला आधी बरं वाटलं, आणि मग मी फडकं शोधायला धावले.

दवाखान्यात मी सांगितलं, हिने हात काढायला उशीर केला. तिनेही मुकाट मान हलवली.

लेकीला पाठवू नकोस. रडली, रुसली, माझ्याशी कायमचा अबोला धरून बसली तरी नको. बाबांना भ्यायचं काही कारण उरलेलं नाही. दांडा आता मी ओढते.

तुझी धाकटी बहीण,
आणि शेवटी बाबांचीच लेक