दोघांपुरती जागा

४ ऑक्टोबर, शनिवार

चाळीस वर्षांपूर्वी आंबवायचा कोबी तुडवायला मला उभं केलं, कारण घरात सगळ्यात लहान पावलं माझी! लग्नाला महिनाही झाला नव्हता. सासूबाईंनी गरम पाण्यानं, साबणानं माझे पाय घासून घासून धुतले आणि मला लाकडी पिंपात चढवलं. खाली चिरलेला कोबी, मीठ, शहाजिरं. अंगात नवऱ्याची, झेनेकची जुनी पॅन्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. माझं कोपर धरून नणंद उभी — दानुता. "नाचू नकोस, तुडव! पिंप आहे हे, लग्नाचा हॉल नाही!" बोटांच्या फटींतून गारेगार रस वर यायचा आणि मला हसू आवरायचं नाही. "हसलीस तर नासेल," दानुता ओरडायची आणि स्वतःच फिसकन हसायची. झेनेक दाराच्या चौकटीला टेकून दोघींकडे बघत होता.

त्या हिवाळ्यात आम्ही तो कोबी फेब्रुवारीपर्यंत खाल्ला.

आज बाजारातून अर्धाच गड्डा आणला. एकटीला तोही जास्त. मार्चमध्ये झेनेक गेला, तेव्हापासून सगळं अर्धंच आणते आणि त्यातलंही अर्धं टाकते.

संध्याकाळी नाशिकहून धाकट्या बहिणीचा, उज्जूचा फोन. "ताई, खोली रंगवून झाली. खिडकी पूर्वेला आहे, सकाळचं ऊन थेट पलंगावर. आता तिथे थंडीत कुणासाठी बसायचं?" तिकीट तिनंच काढलंय — बारा नोव्हेंबर. फक्त जायचं, परतीचं नाही. मी हो म्हणून बसलेय.

दानुताला अजून सांगितलेलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दानुता आली. शहात्तर वर्षांची, दोन्ही हातांत पिशव्या, तीन जिने चढून! बूट काढले, माझ्याकडच्या तिच्या सपाता घातल्या. त्या सपाता कितव्या असतील देव जाणे, पण जागा तीच, दाराच्या डावीकडे.

"कशी आहेस?"

"गुडघा दुखतो, झोप नाही, आणि जिन्यातला दिवा परत गेलाय."

"मग ठीक आहेस."

इथे असंच बोलावं लागतं. पोलंडला, वूचला आले त्या वर्षी कापडगिरणीच्या रंगाई खात्यात कामावर कुणी "कशी आहेस" विचारलं की मी कॉन्व्हेंटच्या सवयीनं हसून "छान, धन्यवाद" म्हणायचे. बायका एकमेकींकडे बघायच्या — हिचं काहीतरी लपवायचं चाललंय! शेवटी दानुतानंच कान उपटले. "तक्रार कर गं जरा. नाहीतर लोकांना वाटतं तू त्यांना परकं समजतेस."

पिशव्यांत खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या. "जानेवारीपर्यंत उघडायच्या नाहीत."

"जानेवारीपर्यंत?"

"का? यंदा जानेवारी येणार नाहीये?"

बोलायची हीच वेळ होती. मी बरण्या फळीवर लावत बसले.

जाताना म्हणाली, झेनेकच्या कबरीचा दगड बसला. मे महिन्यात पाथरवटाशी बोलायचं माझ्यानं झालंच नाही, सगळं तिनंच बघितलं. "पंचवीसला घासायला जाऊ. बादली तू आण, ब्रश माझे. आणि तोवर एकटीनं जायचं नाही, सांगून ठेवते!"

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज सांगायचंच म्हणून तिच्याकडे गेले. बिटाचं सूप पिऊन परत आले.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. उटणं संपलंय. साबण लावून आंघोळ केली आणि स्वतःला अभ्यंगस्नान म्हटलं.

खिडकीत पणती लावली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दानुता मोठ्या हौसेनं भेट घेऊन आली होती — "तुमचा दिव्यांचा सण ना?" — आणि कागदातून काढला लाल काचेचा, झाकणाचा, कबरीवर लावायचा दिवा! झेनेक पांढराफटक पडला. "दानुता, हा मेलेल्यांचा!" ती म्हणाली, "वाऱ्यात विझत नाही. तुमचे विझतात." मी तो लावला. सकाळपर्यंत जळत होता.

तिला सोडून कसं जायचं?

पण झेनेकशिवायही हे घर घर वाटत नाही. उज्जूकडे निदान बोलायला माझी भाषा आहे. इथे मी तीन दिवस मराठीत बोलले नाही तर कुणाला कळतसुद्धा नाही. मला स्वतःलाही कधीकधी कळत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

 

सकाळी दफनभूमीत गेलो. ट्रामभर लोक बादल्या, ब्रश, शेवंतीच्या कुंड्या घेऊन. एक नोव्हेंबरला इथे मेलेल्यांसाठी दिवे लावतात; त्याआधी सगळं गाव आपापल्या कबरी घासतं. थंडी होती पण ऊन होतं. दानुता पुढे, तुरुतुरु. सासूसासऱ्यांची जुनी कबर आणि तिच्या शेजारी नवा काळा दगड, लांबून कोऱ्या पाटीसारखा.

"डोळे मीट," म्हणाली.

"काहीतरीच काय!"

"मीट म्हणते ना. आता उघड."

झेनेकचं नाव. जन्म, मृत्यू. अक्षरं सुरेख.

आणि त्याच्या शेजारी माझं. निरुपमा. खाली जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि पुढे गुळगुळीत रिकामा दगड.

बाजूच्या कबरीच्या कठड्यावर बसले.

"छान आहे ना?" दानुता हात चोळत उभी. "अक्षरं एकदमच कोरून घेतली. नंतर केलं की वेगळं दिसतं, जोडल्यासारखं. तुझं नाव लिहिताना पाथरवट तीनदा चुकला, मी समोर उभी राहून करून घेतलं."

"मी जिवंत आहे, दानुता!"

"मग? मी म्हटलं का मेलीस म्हणून?" तिला खरंच कळेना. "ती बघ." पलीकडच्या ओळीत टोपी घातलेली एक बाई नवऱ्याच्या दगडावर वाकली होती. त्याच्या शेजारचं स्वतःचंच नाव दात घासायच्या ब्रशनं घासत होती. "बारा वर्षं घासतेय. ठणठणीत आहे."

मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! इतकी वर्षं इथे येतेय, अशी नावं शेकड्यांनी पाहिलीत. पण ती इतरांची. माझी आई असती तर तिथल्या तिथे मीठमोहरी ओवाळली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी इथे राहणार नाहीये. बारा तारखेला जातेय. नाशिकला. कायमची."

असं सांगायचं होतं का मला? तिथे, ओरडून?

ती वाकली आणि दगड घासायला लागली. नवाकोरा दगड, घासायला काही नव्हतंच. माझ्या नावावरून ब्रश फिरवत राहिली. मग म्हणाली, "बादली रिकामी कर."

परतताना ट्राममध्ये दोघी दोन बाकांवर.

२६ ऑक्टोबर, रविवार

उज्जूला सांगितलं. ती किंचाळलीच. "अगं बाई! जिवंत माणसाचं नाव थडग्यावर? कसली नणंद म्हणायची ही! पुसायला सांग आधी."

"पुसत नाही गं. ग्रॅनाइट आहे."

"मग तू तरी नीघ. बारा कशाला, उद्याच नीघ!"

फोन ठेवल्यावर मला दानुताचाच राग यायला हवा होता. आला उज्जूचा. कसली नणंद म्हणायची ही — म्हणे! चौदा महिने झेनेक अंथरुणावर होता. मी रात्री जागायचे, दिवसा ती यायची. मला खोलीतून हाकलायची, "जा झोप, तुझं तोंड बघून तोच घाबरेल."

२९ ऑक्टोबर, बुधवार

चार दिवस तिचा फोन नाही. मी केला. "खिडक्या पुसतेय," म्हणाली आणि ठेवला.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मागे चाफ्याखाली सिस्टरांच्या कबरी होत्या. नोव्हेंबर लागला की आम्ही मुली त्या झाडायचो, झेंडू ठेवायचो. सगळ्या आयर्लंडच्या नाहीतर जर्मनीच्या. सिस्टर बेनेडिक्टांना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही म्हाताऱ्या झालात की घरी जाणार? आठवीत असेन. त्या म्हणाल्या, "घरी म्हणजे कुठे गं बाळ? मला आता तिथलं कोण ओळखतं?" मग मला फुलं नीट ओळीत लावायला लावली.

तेव्हा मला त्यांची फार कीव आली होती.

१ नोव्हेंबर, शनिवार

दफनभूमीत एकटीच गेले. चार वाजताच अंधारायला लागलं होतं. सगळीकडे दिवे, धूर, ओली पानं, मेणाचा वास. एवढी गर्दी आणि सगळे हळू आवाजात बोलत होते.

दानुता आधीच येऊन घडीच्या स्टुलावर बसली होती. माझ्याकडे न बघता दुसरं स्टूल उघडून शेजारी ठेवलं. म्हणजे आणलं होतं!

"बस, वहिनी."

मला ती नावानं हाक मारते. वहिनी म्हणते ते फक्त रागावली की. बसले.

तिनं एका दिव्याचं झाकण नीट बसवलं. मग —

"विमानात जेवायला देतात का?"

"देतात."

"बेचव असेल. मी ब्रेड लावून देईन. अंडं घालून."

मला रडू फुटलं. "दानुता, मला आधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस. तू सगळ्यालाच आधी नको म्हणतेस. चहा नको म्हणतेस आणि दोन कप पितेस. चाळीस वर्षं बघतेय." नाक पुसलं तिनं. "दगडावर नाव असलं की माणूस त्या गावचं होतं. तुझं इथे रक्ताचं कुणी नाही. पोर नाही. मी गेल्यावर कुणी म्हणेल, ही कोण, कुठली? म्हटलं, आधीच लिहून टाकू. आता कुणाची बिशाद!"

मी डोळे पुसले.

"आणि जागा होतीच," ती पुढे म्हणाली. "ही आईनं घेतलेली. अठ्ठ्याहत्तर साली, बाबा गेले तेव्हा. खोल खणायची, दोघांपुरती, एकावर एक."

"कोणा दोघांपुरती?"

"झेनेक आणि मी. आणखी कोण? मांजर? मी काही लग्न करत नाही हे आईला तेव्हाच कळलं होतं."

मी स्टुलावरच तिच्याकडे वळले. "मग तू कुठे जाणार?"

"मला जाळा. हल्ली करतात की लोक. पाद्र्यांना विचारलं, चालतं म्हणाले. एवढासा डबा होतो. तुमच्या पायाशी कुठेही मावेन, दगडावर नावसुद्धा नको. मी इथलीच आहे, मला कोण विचारणार?"

शेजारच्या कबरीवरचा एक दिवा कलंडला होता. तो उठून तिनं सरळ केला, परत येऊन बसली. मग अगदी हळू, माझ्याशी नाही, दिव्यांशी बोलल्यासारखं — "आई म्हणायची, शेवटच्या दिवशी देव सगळ्या मेलेल्यांना उठवतो, त्या उठायच्या दिवशी अंग हवं. राखेतून कसं उठायचं ते मला काही कळत नाही. रात्री विचार येतो कधी. पण बघेल देव. त्याला दुसरं काम काय आहे?"

मी तिचा हात धरला. लोकरीचा हातमोजा, करंगळीला भोक. तिनं सोडवून घेतला नाही.

ट्राममध्ये एकाच बाकावर.

३ नोव्हेंबर, सोमवार

उज्जूशी तासभर बोलले. आधी ती रडली, मग मी, मग दोघी. "खोलीचा रंग फुकट गेला म्हणायचा!"

"फुकट कसा? डिसेंबरात येतेय. मार्चपर्यंत ऊन खाईन, मग परत. दर वर्षी."

"तिथे आहे काय एवढं ताई?"

"माणसं आहेत," म्हटलं.

"बरं. पण आल्याबरोबर दृष्ट काढणार मी तुझी. त्या दगडाची!"

"काढ."

दानुताला कळवलं. म्हणाली, "ब्रेड लावून देईन तरीही." तिच्या आवाजावरून कळलं, खाली बसलीय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हे मृत्युपत्र पोलिशमध्ये लिहून, सही करून वकीलबाईंकडे ठेवलं. इथे माझ्यासाठी, माझ्या भाषेत.

आईच्या मोत्यांच्या कुड्या उज्जूला. झेनेकचा लोकरी कोट खालच्या मजल्यावरच्या विधुर शेजाऱ्यांना, त्यांना बरोबर बसेल. शिवणयंत्र ज्याला हवं त्याला. घर दानुता आहे तोवर दानुताचं, मग उज्जूच्या मुलीचं.

दानुताला सांगितलं तर भांडेल, म्हणून तिला न सांगता: आमच्याकडे जाळतातच. चाळीस वर्षांत तिनं कधी विचारलं नाही, मीही कधी बोलले नाही. मला जाळावं. डबा झेनेकच्या पायाशी ठेवावा. नाव कोरलंय तिथेच राहू द्यावं.

शवपेटीची जागा दानुताची. ती आधी गेली तर मी बघेन, नाहीतर हे वाचणाऱ्यानं बघावं. तिला जाळू नका. तिला सगळीच्या सगळी ठेवा, भावाजवळ. उठायचंय तिला.