चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

पुलगाव,
मंगळवार, ता. १३ जानेवारी १९५३

सौ. अन्नपूर्णा हिला वासुदेवचा नमस्कार.

नवऱ्यानं बायकोला आशीर्वाद लिहायची आपल्याकडे रीत आहे. नऊ वर्षं मीही तेच लिहीत आलो. आज हात चालला नाही, म्हणून नमस्कार. इकडे मी बरा आहे. कमलीचा खोकला उतरला का? तिला अडुळशाचा काढा गूळ घालून देजो, बिनगुळाचा ती थुंकून टाकते. उद्या संक्रांत. शेजारच्या शोभाबाई आजच तीळगूळ देऊन गेल्या आणि जाताजाता विचारलंच, "अन्नपूर्णा कवा येऊन राह्यली?" मी म्हटलं, येईल. तीन महिने हेच सांगतो आहे. आता त्याही पुढं काही विचारत नाहीत.

बातमी अशी की परवाना आला. युगांडात दोन वर्षं राहायचा आणि तिथल्या कापसाच्या जिनात फिटरचं काम करायचा, तात्पुरता. काम संपलं की माघारी यायचं, मधेच दुसरीकडे नोकरी धरायची नाही, असं त्यावर छापलं आहे. बोट सात फेब्रुवारीची, मुंबईहून. बायको-मुलांसाठी वेगळा अर्ज करता येतो म्हणतात.

शुक्रवारपासून तो कागद मी उलटून-पालटून पाहतो आहे. आमच्या शेटजींचे भाऊ त्याच मुलखातून आले आहेत. त्यांना मी प्रश्न विचारून इतकं भंडावलं की परवा ते मला पाहून मागच्या दारानं निघून गेले. तिथं म्हणे लोक हिरवी केळी उकडून रोज भाकरीसारखी खातात. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. कापूस आपल्याहून लांब धाग्याचा. पण सरकी ढोरांना घालतात का, हे त्यांना सांगता आलं नाही. बावीस वर्षं राहून माणसानं एवढंही पाहू नये, याचं मला नवल वाटलं. मी गेलो तर पहिल्या आठवड्यात पाहीन.

आता परवान्याच्या त्या अर्जाचं. मधुकरराव वकिलांच्या बैठकीत त्या दिवशी काय झालं ते तू अण्णाजींच्या तोंडून ऐकलंस. मी तुला सांगितलंच नाही. मधल्या दोन पत्रांत जिनाचं लिहिलं, थंडीचं लिहिलं, आणि मुद्द्याला बगल दिली.

बावीस प्रश्न होते, सगळे इंग्रजीत. मधुकरराव वाचायचे, मराठीत सांगायचे आणि माझं उत्तर लिहायचे. तुझे बाबा अण्णाजी जामीन म्हणून मुद्दाम सिंदीहून आले होते, सूत काढत बाजूला बसले होते. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. माणसाला कोणी एवढं विचारतं का कधी? डोळ्यांचा रंग कोणता, असा एक प्रश्न होता. मी म्हटलं, काळा. मधुकररावांनी मला खिडकीशी नेलं, चष्मा पुसून नीट पाहिलं आणि तपकिरी लिहिलं. तीस वर्षं मला पत्ता नव्हता, आणि तूही कधी बोलली नाहीस. अंगावरची कायमची खूण कोणती, तर डाव्या करंगळीचं, सरकी काढायच्या रेच्यात गेलेलं पेर. मेल्यास कोणाला कळवायचं, तर तुझं नाव.

मग आला चौदावा. "पूर्वी कधी तुरुंगवास भोगला आहे काय? असल्यास कारण व मुदत."

मधुकरराव ताठ झाले. म्हणाले, "लिहू या, अभिमानानं लिहू या. बेचाळीसची चळवळ, नऊ महिने. गोऱ्यांना वाचू दे." अण्णाजींची टकळी थांबली. मी म्हटलं, "नाही असं लिहा."

त्यांना वाटलं मी परवान्यासाठी म्हणतो आहे. युगांडा इंग्रजांचाच, जेलात गेलेल्याला ते कशाला घेतील. मधुकररावांनी 'नाही' लिहिलं, सही केली, आणि वर न पाहता कागद माझ्याकडे सरकवला. अण्णाजी चहा न घेता उठले. दारात एवढंच म्हणाले, "भाकरीसाठी जेल नाकारली तुमी." संध्याकाळच्या गाडीनं ते तुला आणि कमलीला घेऊन गेले. तू डब्यात चढताना म्हणालीस, "खरं लिहायला भ्याले तुम्ही."

अन्नपूर्णा, मी खरंच लिहिलं होतं. मी जेलात कधी गेलोच नाही.

हे एक वाक्य लिहायला मला तीन महिने लागले. म्हणजे दहा वर्षं.

त्या ऑगस्टात आमचा मोर्चा निघाला तेव्हा मी आणि माझा दोस्त लहानू हातात हात घालून चाललो होतो. लाठ्या सुरू झाल्या. लहानूच्या डोक्यावर बसली, तो खाली बसला, आणि मी त्याचा हात सोडून पळालो. रुळांच्या कडेनं धामणगाव गाठलं, तिथून यवतमाळ. एका जिनातल्या मिस्त्रीनं ठेवून घेतलं. रेच्याच्या बेलनावर चामडं कसं चढवायचं ते मी त्याच्याकडे शिकलो. लहानू अमरावतीच्या जेलात खडी फोडत होता तेव्हा मी हे शिकत होतो. ज्या कामावर आज परवाना मिळाला ते काम हेच. अण्णाजींनी एकदा विचारलं होतं, कुठं शिकलात म्हणून. मी सांगितलं, जेलच्या कारखान्यात.

मे महिन्यात मायच्या आठवणीनं परत निघालो. माझं नशीब पाहा, त्याच गाडीतून लहानू आणि बाकीची पोरं सुटून येत होती. फलाटावर माणसं हार घेऊन उभी. मी मागच्या डब्यातून उतरलो, वाळलेला, काळा पडलेला. माझ्याही गळ्यात हार पडला. माय ताट घेऊन पुढं आली, तिनं मला ओवाळलं आणि ती रडायला लागली. तेव्हा मला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी लहानूच्या घरी गेलो, पाय धरायला. तो म्हणाला, "तुह्या मायनं ओवाळलं ना? मंग राहू दे आता."

त्यानं राहू दिलं. मी मात्र वाढवत नेलं. भाकरीतल्या खड्यांच्या, वॉर्डरच्या, भजनांच्या ज्या गोष्टी मी अण्णाजींना सांगितल्या त्या सगळ्या लहानूच्या. तुला तहसिलीतल्या कारकुनाचं स्थळ आलं होतं. अण्णाजींनी ते मोडलं, मले सरकारी माणूस नाई पायजे, जेल भोगलेला पायजे म्हणून. आणि जेल भोगलेला लहानू आज माझ्याच जिनात गठाणी ओढतो. मला लाज वाटते, फार वाटते.

चौदाव्या प्रश्नाला खरं बोललो यात मोठेपणा नाही. त्या दिवशी खरं बोलण्यात माझा फायदा होता, म्हणून बोललो. लहानूला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "दहा वर्सांत पयल्यांदा खरं बोलला तू, अन् त्याच्यावरच कोणाचा भरोसा बसला नाई."

आता तू विचारशील, मग हे आत्ताच काऊन सांगता? मीही चार दिवस स्वतःला तेच विचारतो आहे. लोक मला भित्रा म्हणतात, पण आधी जेल भोगून मग भ्यालेला. तेवढी अर्धी इज्जत अजून शाबूत होती. ती घेऊन मुकाट्यानं बोटीत बसलो असतो तर तिकडे कोण विचारणार होतं? पण तू दोन वर्षं माझ्यावर चुकीच्या कारणानं चिडून राहशील, ते मला सोसवेना. चिडायचं तर खऱ्या कारणानं चीड.

मधुकररावांना शनिवारी सांगतो. रविवारी दुपारच्या पॅसेंजरनं सिंदीला येतो. अण्णाजींना तू काही सांगू नकोस, ते माझं काम आहे. लहानू सोबत येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. अण्णाजी आत घेतील असं वाटत नाही, मी अंगणात उभ्यानंच सांगीन. तुझं लग्न ज्याच्याशी लावलं तो जेल भोगलेला माणूस कधी नव्हताच. नऊ वर्षं तुझ्या हातचं जेवला तो मी. तुला त्याच्याशी बोलायचं असेल तर बाहेर येजो. नसेल तर दार लावून घे, मी हाक मारणार नाही.

जेलात कधीही न गेलेला
तुझा नवरा
वासुदेव