चौथ्या दारातली वहिनी

३ मार्च

चि. छकुलीस,

अ. आ. (पन्नाशी ओलांडलीस तरी आशीर्वाद थोरल्यानेच द्यायचे असतात, तेव्हा मुकाट्याने घे.)

तुझ्या मनगटाचं प्लास्टर एव्हाना निघालं असेल. फ्रेमच्या दुकानात शिडीवर चढायचं तुझं वय राहिलं नाही, पडायचं तर नाहीच नाही. तुझ्या मदतीला म्हणून वहिनीला थोड्या दिवसांसाठी पाठवली, ती तिकडेच मुक्काम ठोकून बसली आहे. फोन करावा तर ती काच कापत असते, तू गिऱ्हाइकाशी भांडत असतेस आणि मागे करवत चालू असते. म्हणून हे पत्र. करवतीला पत्र वाचता येत नाही, हा त्यातला फायदा.

कारण असं की माझे सुखाचे वर्ग सध्या भलतेच जोरात आहेत. विमा कचेरीत उभा जन्म लोकांच्या अपघातांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या सुखाकडे वळलो, याचं तुला हसू येतं. येऊ दे. वीस तारखेला मोठं सभागृह घेतलं आहे. विषय नेहमीचा, ‘सुखाची सात दारं’. त्यातलं चौथं दार तुला ठाऊकच आहे: दुसऱ्याच्या आवडीत आपली आवड विरघळवा. तिथे मी वहिनीच्या कुंड्यांची गोष्ट सांगतो. लग्नानंतर मी तिला पहिलं रोप आणून दिलं तेव्हा तिचा चेहरा कसा उजळला, आणि तेव्हापासून दर वाढदिवसाला न चुकता एक कुंडी कशी घरी येते. इथे बायका हमखास डोळे पुसतात आणि नवरे घड्याळ बघायचं थांबवतात. या खेपेला वहिनीने पहिल्या रांगेत बसायचं, गोष्ट संपली की व्यासपीठावर यायचं आणि आपण किती सुखी आहोत ते दोन वाक्यांत सांगायचं. वाक्यं मी लिहून ठेवली आहेत. पाठांतराला सोपी आहेत.

तेव्हा तिला वेळेत गाडीत बसवून दे.

आता एक गोष्ट फक्त तुझ्यात ठेव. त्या कुंड्यांना सध्या मी पाणी घालतो आहे. खरं सांगू? मला त्या कधीच आवडल्या नाहीत. मुंग्या, चिखल, बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही. शर्ट वाळत घालायचा तर आधी एका फांदीची परवानगी घ्यावी लागते. पण तिचं सगळं सुख त्यात आहे, म्हणून आजवर ब्र काढला नाही. चौथं दार म्हणजे दुसरं काय असतं?

तुझ्यावरचा लोभ कायम आहे. वहिनी गाडीत बसली की त्यात थोडी भर घालीन.

तुझा
दादा

७ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. (विनंती एवढीच, की पुढचं बसून वाच.)

प्लास्टर निघालं. मनगट उत्तम आहे, सकाळीच एका गिऱ्हाइकासमोर टेबलावर आपटून खात्री करून घेतली. म्हणजे वहिनीला इथे राहायला कारण उरलेलं नाही. तरी ती आहे. आता तूच विचार कर, तू एवढा दारं उघडणारा माणूस.

तिची खबर देते. आल्यावर पहिले दिवस ती मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या पाठीला कागद चिकटवायची. एके दिवशी मी बँकेतून परत आले तर बाई करवतीशी. चष्मा नाकाच्या टोकावर, तोंडात पेन्सिल, अंगावर माझा फाटका एप्रन. मी हाक मारली, ती तिला ऐकूच गेली नाही. आणि दादा, वहिनी गुणगुणते. तुला माहीत होतं? भयंकर बेसूर. माझी तर समजूत होती की तिला फक्त ‘हो’ आणि ‘चालेल’ एवढंच येतं.

परवा एक गृहस्थ स्वतःचाच भलाथोरला फोटो घेऊन आले. सोनेरी, नक्षीदार आणि शक्य तेवढी रुंद फ्रेम हवी म्हणाले. मी ऑर्डर लिहून घेतच होते, तोवर वहिनीने त्यांना विचारलं, की भिंत केवढी आहे. ते गडबडले. मग तिने अगदी गोड आवाजात सांगितलं, की एवढी फ्रेम लावली तर घरच्यांना बाहेर झोपावं लागेल. गृहस्थ हसले आणि बारीक काळी पट्टी घेऊन गेले. माझं नुकसान झालं, पण मी तिला बोलले नाही. बोलवेना.

तू माझ्या कानात सांगितलेलं माझ्या कानातच आहे. मात्र याच आठवड्यात चहा पिताना वहिनीनेही मला तिच्या मनातलं काही सांगितलं, तेही ‘तुझ्यातच ठेव’ म्हणून. आता तुम्हा दोघांची गुपितं माझ्या पोटात शेजारी शेजारी बसली आहेत, एकमेकांकडे बघून खिदळताहेत आणि मला जेवू देत नाहीत. मी काही तुमची टपालपेटी नाही. एवढंच सांगते: व्यासपीठावर तिला उभी करण्याआधी तिला एखादी गोष्ट विचारून बघ. तुझ्या पत्रांत मला प्रश्नचिन्ह फार क्वचित दिसतं, आणि जे दिसतं त्याचं उत्तर तू आधीच ठरवलेलं असतं.

माया आहे म्हणून तिखट लिहिते. नसती तर छापील शुभेच्छापत्र पाठवलं असतं.

तुझी
छकुली

१० मार्च

सौ. हिस,

सप्रेम. मी खुशाल आहे. कपडे धुण्याच्या यंत्राने माझा एक पांढरा शर्ट गुलाबी केला, बाकी काही विशेष नाही.

छकुलीचं पत्र आलं. नेहमीसारखं तिरकं आहे. ती म्हणते, तुला काही विचारावं. पण आपण इतकी वर्षं एका घरात काढली, आता विचारायचं काय राहिलं? तुझं सुख कशात आहे ते मला पक्कं ठाऊक आहे: आपलं घर, संध्याकाळचा चहा आणि तुझ्या कुंड्या. कुंड्यांचं म्हणशील तर मोठ्या पानांचं ते बरं आहे. लांब पानांचं थोडं रुसलंय. काट्यांचं माझ्यावर डूख धरून आहे. सगळी तुझी वाट पाहताहेत.

सोबत दोन वाक्यांचा कागद जोडला आहे. पहिल्या वाक्यानंतर किंचित थांबायचं, टाळ्या येतात. हॉलची तिकिटं संपली आहेत आणि आयोजकांनी पत्रिकेत तुझ्यासाठी ‘विशेष उपस्थिती’ असं छापलं आहे. आता मागे फिरणं शोभायचं नाही. अठराची गाडी धर.

तुझ्याबद्दल असलेलं प्रेम नेहमीच्या जागी आहे.

तुझा

१४ मार्च

अहो,

साष्टांग नको, साधाच नमस्कार. दुकानात बसून लिहिते आहे. कागदाला गोंद लागला असेल, चिकटलेली बाजू हळू सोडवा.

पत्र वाचलं. आता माझं ऐका, आणि ऐकताना मध्येच एखादं दार उघडू नका.

मला झाडांची आवड नाही. कधीच नव्हती. तुम्ही पहिलं रोप आणलंत तेव्हा माझा चेहरा उजळला, हे खरं आहे. पण तो तुमच्याकडे बघून. दोन्ही हातांनी कुंडी पोटाशी धरून, बुटांवर चिखल सांडत तुम्ही जिना चढून आला होतात. मला वाटलं, या माणसाला झाडांचं केवढं वेड! म्हणून मी ते जगवलं. ते जगलं म्हणून तुम्ही दुसरं आणलंत. दुसरं आलं म्हणून माझी खात्रीच पटली. पुढे प्रत्येक वाढदिवसाला मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात म्हणायची, की यंदा साधी साडी आणू देत, चप्पल आणू देत, काहीही आणू देत. आणि तुम्ही यायचात, कुंडी घेऊन. तुमचा आनंद मोडवेना. पानं पुसत राहिले.

तुमच्या आवडीची गोष्ट अशी एका फटक्यात नाकारली, म्हणून वाईट वाटेल. वाटू द्या. खोटं बोलून तुम्हाला खूश ठेवण्यात माझा हात आता फार बसला होता, त्याचीच मला भीती वाटायला लागली.

व्यासपीठावर मी येणार नाही. तुमची वाक्यं चांगली आहेत, पण ती तुमची आहेत. मी तुमच्या घरात दुःखी होते असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पण मी सुखी आहे असं तुम्ही सगळ्या गावाला सांगत होतात, आणि मला मात्र ती बातमी लोकांकडूनच कळायची.

इथलं सांगते. फ्रेमच्या चार पट्ट्या तिरक्या कापायच्या असतात. पहिल्या कोपऱ्याला केसाएवढी चूक झाली तर ती तिथे दिसत नाही, चौथा कोपरा उघडा राहतो. मग चूक शोधत उलटं जायचं. कित्येक पट्ट्या मी वाया घालवल्या, छकुलीने तोंडसुख घेतलं. परवा चारही कोपरे मिळाले. डोळे मिटून बोट फिरवलं, सांधा लागला नाही. मी कुणाला हाक मारली नाही, कुणाला दाखवलं नाही. क्षणभर उभी राहिले आणि पुढची पट्टी घेतली. असं मला आजवर कधी झालं नव्हतं.

म्हणून मला हेच काम करायचं आहे, याच दुकानात. छकुलीने विचारलं आणि मी हो म्हणाले. या वेळचं ‘हो’ वेगळं होतं, असं तीच म्हणते. तुम्हाला सोडायचं माझ्या मनातही नाही. पण परत येऊन पूर्वीसारखं राहणं जमणार नाही. मधला मार्ग दोघांनी मिळून काढायचा की तुम्ही रागावून बसायचं, ते तुमच्यावर आहे. मी माझं सांगून मोकळी झाले.

राग आला तरी जेवण चुकवू नका. तेवढा हक्क अजून गाजवते.

तुमचीच

२१ मार्च

प्रिय,

(पुढे काय लिहावं ते सुचेना. एवढंच असू दे.)

तुझं पत्र मिळाल्यावर मी रागावलो. आधी छकुलीवर, कारण तिला सगळं माहीत होतं. मग तुझ्यावर. मग विचार करायला बाल्कनीत जाऊन बसावं म्हटलं, तर बसायला जागा नाही. तिथे उभ्या उभ्या मला हसू फुटलं. अगं, मलाही त्या कुंड्या आवडत नाहीत! पहिलं रोप मी आणलं ते दुकानदाराने गळ्यात मारलं म्हणून. तुझा चेहरा बघितला आणि वाटलं, सापडलं हिचं सुख. त्यानंतर मी शोधायचं बंद केलं. इतकं सोपं उत्तर हातात असताना कोण शोधतो?

काल सभागृह भरलं होतं. तुझ्या खुर्चीवर आयोजकांनी फुलांचा गुच्छ ठेवला होता, म्हणजे तिथेही झाडपालाच. मी ठरवून गेलो होतो, की चौथं दार वगळायचं. पण जिभेला सवय. गोष्ट सुरू झाली, तुझा चेहरा उजळला, बायकांनी रुमाल काढले, आणि मला पुढे बोलवेना. मी सांगून टाकलं, की ही झाडं आम्हा दोघांनाही आवडत नाहीत आणि हे मला या आठवड्यात कळलं.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारी वळून नवऱ्याला विचारलं, की रविवारी टेकडीवर जाणं त्यांना खरंच आवडतं का. ते म्हणाले, छे, मी तुझ्यासाठी येतो. मग जे सुरू झालं ते काय सांगू! कुणाच्या भिंतींचा रंग निघाला, कुणाची बिनसाखरेची कॉफी निघाली, एका जोडप्याचा तर कुत्राच निघाला. पाचवं, सहावं, सातवं दार तसंच बंद राहिलं, कुणी चौकशीही केली नाही. आयोजक माझा फोन उचलत नाहीत. मात्र सकाळपासून लोक विचारताहेत, पुढचा वर्ग कधी.

एवढ्या गोंधळात एक वयस्क बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला विचारलं, की मग तुमच्या मिसेसना आवडतं तरी काय? मी म्हटलं, फ्रेमचे कोपरे जुळवायला. त्यात तिला काय मिळतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. हे वाक्य मी वर्गात कधी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर काही कोसळलं नाही. बाई समाधानाने खाली बसल्या.

कुंड्या आज जिन्यात मांडल्या आणि वर पाटी लावली: ज्याला खरोखर आवडतात त्यानेच न्याव्यात. संध्याकाळपर्यंत सगळ्या गेल्या.

आता तुला विचारतो. कोपरा जुळला की तुला काय वाटतं? मी एक अंदाज लिहिला होता, तो खोडला. आणि दुसरं, मी तिकडे येऊ का? किती दिवस, ते तू सांग.

रागावलो होतो तरी जेवलो. आज्ञा पाळली, याची नोंद घ्यावी.

तुझा

२५ मार्च

अहो,

पत्र वाचून मी आणि छकुली इतक्या हसलो, की समोरच्या किराणावाल्याने येऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. छकुली म्हणते, एक अख्खं बोटॅनिकल गार्डन आपण दोघांनी परस्परांच्या भिडेपायी पोसलं. मला आधी हसू आलं, मग थोडं रडू आलं, मग भूक लागली.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर लिहायला बसले. जमलं नाही. त्या वेळी काहीच वाटत नाही, हे त्यातल्या त्यात खरं. कुणाला बरं वाटावं म्हणून चेहरा करावा लागत नाही, एवढं मात्र नक्की. आणखी काही सापडलं तर कळवीन. तुमच्या वर्गासाठी नव्हे, तुमच्यासाठी.

या. दुकानाच्या वर खोली आहे, दोघांना पुरेल. पण शनिवारी येऊ नका, गर्दी असते. गिऱ्हाइकांना सुखाबद्दल काही सांगायचं नाही, ते बिचारे फ्रेम घ्यायला आलेले असतात. चहा आळीपाळीने. काम मी सोडणार नाही. महिन्याचा शेवटचा आठवडा मी घरी येत जाईन, बाकीचे दिवस तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही इकडे. कुणी विचारलं की असं कसं तुमचं, तर सांगा, आम्ही ठरवलं. त्यापुढे काही समजावून सांगू नका.

आता माझा प्रश्न. कुंड्यांबद्दल इतकी वर्षं आपली दोघांचीही चूक झाली, ते असो. पण तुम्हाला काय आवडतं, हे मीही कधी विचारलं नाही. आज विचारते. उत्तर लगेच सुचलं तर लिहू नका, ते वर्गातलं असेल. वेळ लागला तर मात्र टपालाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. आणि सापडलंच नाही, तर तसेच या.

वाट बघते आहे, आणि या वेळी दाराशी उभी राहून मनात काही म्हणत नाही.

तुमची
मी