नलूच्या गालावरची तीट

येडशी, मंगळवार, माघ महिना, १९६३

नलूला गाडीत बसवून आलो. जीव थाऱ्यावर नाही. नात स्पर्धेत राज्याची सुंदरी झाली, आता दिल्लीच्या मोठ्या स्पर्धेत नाचायला निघाली. एवढ्या लोकांच्या नजरा पोरीवर. दृष्ट काढायला घरात बाईमाणूस नाही. तिची आई गेल्यापासून तीट लावायचं काम माझंच.

निघताना काजळाची डबी घेऊन समोर बसली. "आबा, कानामागं तीट लावा. लहानपणी लावायचात तशी."

शेजारची गंगूबाई हसली. "आगं, घोडी झालीस की! आता कसली तीट?"

"आताच तर लोक लई बघतात, काकू."

माझा हात हल्ली कापतो. बोट घसरलं आणि तीट गालावर उमटली. धोतराच्या सोग्यानं पुसायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. "असू द्या, आबा."

स्टेशनात सगळे त्या तिटीकडंच बघत होते. लोक हसतील का तिला? आरशात बघून पुसली असेल का? पुसायलाच हवी. पण कुर्डुवाडीला गाडी बदलेपर्यंत तरी राहावी.

माझं बोट अजून काळंच आहे. धुवायला उठवत नाही.