चाकावरची सदतीस नावं

सोमवार, ५ फेब्रुवारी

फतवा निघाला! उद्यापासून प्रत्येक वर्गात रोज निदान तीन ऑनलाइन साधनं वापरायची. मोठ्या बाईंनी शिक्षकखोलीत उभ्याउभ्याच सांगितलं आणि चहासुद्धा न घेता गेल्या. वर आणखी – बावीस तारखेला दुसऱ्या शाळांचे शिक्षक तास बघायला येणार. कुणाचा? सहावी ब. म्हणजे माझाच! अठ्ठावीस वर्षं खडूवर काढली, आता निवृत्तीला चार वर्षं उरली असताना माझीच परीक्षा. विज्ञानाचे सर म्हणतात, "अभिनंदन बाई!" हसू आवरत नव्हतं मेल्याला.

घरी आल्या आल्या लेकीला धरलं. ती म्हणाली, "आई, मैत्रिणींना दिवसभर व्हिडिओ पाठवतेस, मग यात काय अवघड आहे?" बरोबर आहे तिचं. पण असं तोंडावर सांगायचं कशाला!

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चाक केलं! रंगीबेरंगी चाक, प्रत्येक फोडीवर एका मुलाचं नाव. बटण दाबलं की गरागरा फिरतं आणि कुणावर तरी थांबतं. ज्याच्यावर थांबेल त्याने उत्तर द्यायचं. लेक म्हणाली, "हजेरीपट आण ना, बघून टाइप कर." मी म्हटलं, हजेरीपट कशाला? अडतीस तर पोरं, झोपेतून उठवलंस तरी घडाघडा म्हणून दाखवीन. एका दमात सगळी नावं घातली. लेक बघतच राहिली. मीही जरा मिरवून घेतलं.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज धमाल! एरवी वह्या बाहेर काढायला निम्मा तास जातो. आज पडद्यावर तीन मिनिटांचं उलटं घड्याळ लावलं. वेळ संपली की बदक ओरडतं. दोन मिनिटांत सगळ्यांच्या वह्या बाकावर! मला वाटलं, जिंकले. पुढच्या तासाला अख्ख्या वर्गाने वह्या मांडीवर धरून ठेवल्या – बदक ऐकायला! टकळीचंच डोकं असणार. (टकळी म्हणजे तिसऱ्या बाकावरचा आमचा वक्ता. झोपेतही बोलत असेल.) बदक काढलं, साधी घंटा लावली.

चाकाचं मात्र सोनं झालं. नेहमी "बाई मी, बाई मी" करणारी पाच-सहा टाळकी गप्प, आणि कोपऱ्यातली बोलायला लागली. एकाचं नाव लागोपाठ दोनदा आलं, तर म्हणतो, "बाई, चाकाने माझ्यावर डूख धरलाय!"

सोमवार, १२ फेब्रुवारी

नेट नाही. खडू झिंदाबाद.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

लेकीने नवीन शिकवलं – चिठ्ठ्यांचा फळा. तास संपताना शाळेचे सहा टॅब बाकांवरून फिरवायचे. आज काय कळलं नाही ते मुलांनी एका ओळीत लिहायचं, नाव न घालता. घरी चिठ्ठ्या वाचताना हसून हसून पुरेवाट झाली.

"अपूर्णांक कळले पण आवडले नाहीत."

"मला सगळं कळलं, टकळीला काही नाही."

"भूक."

पण अकरा जणांनी एकच लिहिलंय – छेद वेगळे असले की बेरीज कशी करायची ते समजत नाही. अकरा! आणि वर्गात विचारलं तेव्हा सगळ्यांच्या माना डोलत होत्या. इतकी वर्षं मी मानांवर विश्वास ठेवला. उद्या पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. यांना वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "माझ्यासाठीपण असा फळा कर. मलाही बरंच काही कळत नाही."

मंगळवार, २० फेब्रुवारी

आजच्या चिठ्ठ्यांत एक होती – "बाई, चाकावर माझंपण नाव घाला ना. मला उत्तरं येतात."

वाटलं, टकळीचा चावटपणा. तरी चाकावरची नावं मोजली. सदतीस. पुन्हा मोजली, बोट लावून. सदतीसच. मग दप्तरातून हजेरीपट काढला आणि एकेक नाव ताडून पाहिलं.

खिडकीजवळच्या बाकावरची, दोन वेण्यांची. बोलताना अडखळते ती. पहिल्याच अक्षरावर अडकते, सगळा वर्ग थांबतो, तिचे कान लाल होतात. पहिल्या सत्रात दोनदा तिला प्रश्न विचारला होता. मग मीच विचारायचं सोडलं. म्हटलं, कशाला उगाच पोरीला त्रास! आणि विचारायचं सोडलं तसं नावही जिभेवरून गेलं. दोन आठवडे ती रोज त्या चाकाकडे बघत बसली असणार. आणि मी झोपेतून उठून नावं म्हणणार होते!

लाज वाटली. ताट सारून उठले. यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सकाळी गुपचूप तिचं नाव घातलं. म्हटलं, अडतिसातलं एक, कुणाच्या लक्षात येतंय! चाक पडद्यावर आलं मात्र, टकळी ओरडला, "बाई, तिचं नाव आलं!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं!

मधल्या सुट्टीत टकळीला बाजूला घेतलं. म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस रे? तर म्हणतो, "आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दामच नाही घातलं. ती अडखळते ना, म्हणून. आम्ही तिला सांगितलंपण, बाई बघ तुझी किती काळजी करतात."

मी नुसतं "हं" म्हटलं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

तास झाला. पाहुणे अकरा. घड्याळ चाललं, चाक फिरलं, चिठ्ठ्या आल्या, नेटसुद्धा शहाण्यासारखं वागलं. चाक तिच्यावर काही थांबलं नाही.

नंतर टकळीने आपलं तोंड उघडलं. एका पाहुण्या बाईंना चाकाची सगळी कहाणी सांगितली. ती मोठ्या बाईंच्या कानावर गेली आणि त्यांनी तिथेच सगळ्यांना ऐकवली. "साधनं काय, कुणीही वापरेल. पण कुणाला कधी वगळायचं हे कळायला शिक्षक लागतो!" टाळ्या. विज्ञानाच्या सरांनीही वाजवल्या. मी हात जोडले. खरं सांगायचं सोडून चाक बंद करायला वळले.

ती दारातच होती. टॅब गोळा करत होती. तिने सगळं ऐकलं आणि खाली मान घालून टॅब मोजायला लागली.

आता काय करू? मुद्दाम वगळलं म्हटलं तर त्यात निदान माया तरी दिसते. विसरले म्हणून सांगितलं तर त्या पोरीला काय वाटेल? गप्प बसावं हेच बरं. पण माझ्या नावावर ज्या टाळ्या जमा झाल्यात त्या पचत नाहीत.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सांगून टाकलं. शाळा सुटल्यावर तिला थांबवलं आणि म्हटलं, "मुद्दाम नव्हतं गं केलं. मी तुझं नाव विसरले. माझं चुकलं."

तिने दप्तर खाली ठेवलं. मग थांबत थांबत, पण सगळं वाक्य पुरं केलंन – "म्हणजे बाई, मला बोलता येणार नाही असं तुम्हाला वाटलं नव्हतं?" आणि अशी हसली! दप्तर उडवत पळत गेली.

वाटलं होतं गं. पण ते मी काही तिला बोलले नाही.