चाळिसावा चॅनल

३ जून
आजपासून मी या नाट्यगृहाची साउंड ऑपरेटर. मामाने शब्द टाकला आणि काम झालं. मी चार वर्षांची असताना आई मला टाकून निघून गेली, तेव्हापासून आई, बाप, गुरू सगळं मामाच. तीस वर्षं इथला साउंड त्याच्याच हातात आहे.

रंगमंचाखालच्या खोलीत त्याने तारांची ओळख करून दिली, नव्या सुनेला सासरची माणसं दाखवावीत तशी. ही काळी तार, टोकं माइकच्या तारेसारखीच, पण ही डिजिटल. हिच्या जागी माइकची तार लावलीस तर चार हातांवर चालेल, लांब नेलीस की ऐन प्रयोगात तोंडघशी पाडेल. ही निळी नेटवर्कची, एकटीच्या पोटात चाळीस चॅनल. आणि सगळ्या यंत्रांनी एकाच घड्याळाबरहुकूम चालायचं, नाहीतर आवाजात टकटक सुरू. मी म्हटलं, म्हणजे आपल्या घरासारखंच, घड्याळ तुझं. दोघंही पोट धरून हसलो.

५ जून
आजचे दोन्ही प्रयोग छान झाले. मिक्सरवरचे एकोणचाळीस चॅनल वापरात आहेत. चाळिसाव्याला काहीच जोडलेलं नाही, तरी त्याचा हिरवा दिवा मधूनच लुकलुकतो. मामा म्हणाला, दुर्लक्ष कर, रेडिओ-बिडिओ पकडत असेल.

८ जून
दुपारी हॉल रिकामा होता. हेडफोन लावून चाळिसावा उघडला. आधी श्वास. मग एका बाईचा संथ आवाज, प्रेक्षकांनी कृपया आपापल्या जागी बसून घ्यावे. फोनवर रेकॉर्ड करून मामाला ऐकवला. त्याने पुरता ऐकलाही नाही. रेडिओच, म्हणाला.

पण रेडिओ पकडायची खोड जुन्या तारांची, हे मला त्यानेच शिकवलंय. डिजिटल तारेतून आकडे धावतात. आवाज येईल तर जसाच्या तसा, नाहीतर तुटेल. भलत्याच कुणाचं बोलणं त्यात मिसळत नाही. म्हणजे कुठेतरी माइक आहे. मामाला हे माझ्याहून जास्त कळतं. मग तो माझ्याशी —

९ जून
पडदा ओढणाऱ्या काकांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं. म्हणाले, ही तर तुझी आई. नाटकाआधीच्या सूचना तीच द्यायची.

आई इथे कामाला होती, हेच मला माहीत नव्हतं. मला घेऊन ती दुसऱ्या गावी जाणार होती म्हणे. त्यावरून खालच्या खोलीत बहीण-भावाचं कडाक्याचं वाजलं. नंतर ती कुणाला दिसली नाही. त्याच आठवड्यात मामाने खालच्या भिंतीला स्वतःच्या हाताने गिलावा केला. ओल येते म्हणून.

बावीस वर्षं तो सांगत आला, तिला तू नको होतीस. दर वाढदिवसाला मी तिला शिव्या घातल्या. तो ऐकून घ्यायचा. डोक्यावरून हात फिरवायचा.

१० जून, सकाळ
खाली आलेय. निळ्या तारा मोजल्या. एक जास्त. जोडणीच्या पेटीतून निघून थेट गिलाव्यात शिरलीय. ओढली, हलत नाही.

राहवलं नाही. मामाला फोन केला, सगळं विचारलं. तो एवढंच म्हणाला, तिथेच थांब, आलोच.

थोड्या वेळाने
हेडफोन खाली आणून पेटीला लावला. पेटीतून ती तार उपटली — आवाज चालूच. सूचना नाहीत आता. चिमणे, म्हणतेय. चिमणे. मला असं कुणीच कधी —

आई.

म्हणतेय, तू खाली आहेस हे दादाला कळू देऊ नकोस —

सांगितलं गं मी. मीच —

वरचं दार वाजलं. त्याने कडी आतून — पायऱ्यांवर तो — हातात बादली, थापी —

आवाज अगदी मायेचा. म्हणतोय, वही ठेव बाळा, आणि इकडे